एक पायरी कडक

बाण सुटला, पण आवाज आला नाही. झालं ते एवढंच. दोरीची नेहमीची घरघर होती, लांब समोर गवताच्या गठ्ठ्यात टोक रुतल्याचा आवाज होता, शेजारी कुणीतरी नाक ओढलं तेही ऐकू आलं. पण या सगळ्याच्या आधी, बोटांतून दोरी निसटते त्याच क्षणी, धनुष्याच्या मुठीपाशी एक बारीक टक् व्हायचा, कुणी नखानं टेबलावर वाजवावं तसा, तो झाला नाही. ती डावा हात तसाच पुढे धरून उभी राहिली. सतरा वर्षांत तिला कधी वाटलं नव्हतं की तो टक् वेगळा काढता येतो. बाण मारला की तो होतो, जशी दार ओढलं की बिजागरी वाजते. त्याचा कुणी विचार करत नाही. आता तो नव्हता, आणि पायाखाली अजून एक पायरी आहे असं धरून पाऊल टाकावं आणि जमीनच लागावी, तसं तिचं सगळं अंग किंचित पुढे गेलं होतं.

दुर्बिणीतून पाहिलं तर तिचे पाच बाण मधल्या पिवळ्या-लाल भागात होते आणि हा सहावा उजवीकडे निळ्यात, एकटा, जांभळ्या पिसांचा. तिची पिसं पांढरी असतात. मागच्या फेरीत दोघींनी आपापले बाण उपटताना शेजारच्या पट्ट्यातल्या दंतवैद्य बाईंचा एक बाण तिच्या भात्यात आला होता. बाई दिवसभर लोकांच्या जबड्यात वाकून पाठ धरते म्हणून संध्याकाळी इथं येतात, मनाला येईल तसे बाण मारतात आणि चुकले की मोठ्यानं हसतात. त्या म्हणाल्या, "म्हणजे माझी कवळी तुम्ही घातलीत की." ती हसली. मग तिनं तोच बाण पुन्हा मारू का म्हणून विचारलं. बाईंनी भाताच पुढे केला. पुन्हा आवाज नाही. पुन्हा उजवीकडे निळ्यात, पहिल्या भोकाच्या वीतभर अंतरात. तिसऱ्यांदाही तसंच. बाई म्हणाल्या, माझे बाण तुमच्या हातात पण माझ्यासारखेच जातात, बरं वाटलं. पण ती पाहत होती ते वेगळंच. बाण उजवीकडे गेला होता, पण डुगडुगत गेला नव्हता. पात्याच्या धारेवरून पाणी ओघळावं तसा गेला होता. तिचा स्वतःचा बाण निघताना शेपूट हलवतो; पिसं त्याला वाटेत सावरून घेतात आणि तो पिवळ्यात पोचतो. पोचतो म्हणून कुणी काही बोलत नाही.

कडक नळी, मऊ नळी हे तिला समजावून सांगायची कुणाला गरज नव्हती. ती दादाच्या धनुष्यबाणांच्या दुकानातच मोठी झाली. सुटताना बाण सरळ जात नाही, वाकतो. मागून दोरी ढकलते, पुढचं टोक जड असतं, मधली नळी लवते आणि धनुष्याच्या मुठीला वळसा घालून पुढे जाऊन सरळ होते. किती लवायचं ते धनुष्याच्या ताणावर. ताणाच्या मानानं नळी मऊ असली तर जास्त लवते, उजव्या हातानं ओढणाऱ्याचा बाण उजवीकडे जातो. कडक असली तर लवतच नाही, शेपूट मुठीला घासते आणि बाण डावीकडे निघतो. घासते तेव्हा टक् होतो. हे सगळं ती दहावीत असल्यापासून दुकानात येणाऱ्या लोकांना सांगत आली होती, काउंटरच्या अलीकडून, दादाच्याच शब्दांत. आपल्या हातातल्या बाणाला ते लागू आहे असं तिच्या मनात आलं नव्हतं. आपले बाण दादानं निवडलेले असतात.

घरी जाताना ती डाव्या मनगटाकडे पाहत होती. या मनगटाबद्दल आतापर्यंत तीन प्रशिक्षकांनी तिला बोल लावले होते. सुटायच्या क्षणी ते आत वळतं. एकानं त्याला पट्टी बांधून पाहिली, एकीनं आरशासमोर महिनाभर उभं केलं, तिसऱ्यानं सांगितलं की हा तुझा स्वभावच आहे, जाऊ दे, गुण येतायत ना. तिनंही ते आपलं वैगुण्य म्हणून पत्करलं होतं, चष्म्याच्या नंबरासारखं. आता रस्ता ओलांडायला थांबलेल्या लोकांत उभं राहून तिनं तो हात किंचित पुढे केला आणि मनगट वळवलं. मूठ जराशी बाजूला सरकते. कडक बाणाला वाट करून देते. डावीकडे जाणारं सगळं उजवीकडे ओढून मध्यावर आणते. सोळाव्या वर्षी एका मुलीच्या हातानं, तिला न विचारता, चुकीच्या बाणासाठी एक तोड काढली होती आणि ती इतकी वर्षं पाळली होती. बरोबर बाण आला तेव्हा तीच तोड त्याला निळ्यात घेऊन गेली. सिग्नल सुटला, मागच्या माणसानं तिला हलकेच ढकललं.

दादाचं दुकान अरुंद आणि लांब आहे, आगगाडीच्या डब्यासारखं. दोन्ही भिंतींना नळ्या उभ्या लावलेल्या, कडकपणाच्या आकड्यांप्रमाणे. आकडा जितका मोठा तितकी नळी मऊ, हे नव्या गिऱ्हाइकाला हमखास उलटं वाटतं. शेवटी दादाचं टेबल, त्यावर नळी मोजायचं यंत्र. दोन खुंट्यांवर नळी आडवी ठेवायची, मधोमध वजन अडकवायचं, किती वाकली ते तबकडी सांगते. दादा तिच्याहून बारा वर्षांनी मोठा. आई-वडील लागोपाठ गेले तेव्हा ती शाळेत होती आणि तो देशाच्या संघात निवडला जायच्या बेतात होता. त्या वर्षी सगळे हलके बाण वापरायला लागले होते, वेग मिळतो म्हणून. दादानं स्वतःच्या जबर ताणाच्या धनुष्यावर फार हलके बाण चढवले. हलक्या बाणानं सगळा जोर नेला नाही, उरलेला धनुष्यातच राहिला, आणि एका सकाळी वरची पाती तडकून दोरीसकट मागे आली. उजव्या हाताची दोन बोटं तेव्हापासून बधिर आहेत. कपाचा कान तो अंगठा आणि पहिल्या बोटात धरतो. दोरी बोटांवर तोलून धरणं आणि अलगद सोडणं त्याला पुन्हा जमलं नाही. मग त्यानं दुकान काढलं आणि बहिणीच्या हातात धनुष्य दिलं. पहिले बाण देताना म्हणाला होता, जड बाण हळू जातो, पण माणसाला इजा करत नाही. शिवाय तुझा ताण वाढेल, तेव्हा लागतीलच. दरवर्षी नव्या हंगामाला तो हेच म्हणत आला. शाळेचे बूट घेताना आईनं पुढे अंगठ्याची जागा दाबून पाहावी, तसा तो नळी वाकवून पाहायचा आणि जरा कडक निवडायचा; कडक नळी जडही असते. बाण डावीकडे जायला लागले की टोकात वजन भरायचा, म्हणजे नळी थोडी लवते; वजन भरलं की बाण लवकर खाली पडतो, म्हणून नेम वर धरावा लागतो; तिच्या धनुष्यावरची नेमाची काडी तिथं खाली, शेवटच्या भोकात बसवलेली आहे. त्याच्या खाली जागा नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं धनुष्य सुटं करून पिशवीत घातलं आणि कचेरीत नेलं. वहिनीनं विचारलं, आज ऑफिसात कुणाला टिपणार आहेस. ती म्हणाली, साहेबांना. वहिनी म्हणाली, मग डबा दोघांचा देते, नंतर खायला कुणी उरलं तर. ती वजनमापं तपासणाऱ्या कचेरीत काम करते. दुकानदारांचे काटे येतात, ते प्रमाण वजनं टाकून पाहायचे, खरे असतील तर शिक्का मारायचा, खोटे असतील तर बाजूला काढायचे. शेजारच्या टेबलावरचे गृहस्थ निवृत्तीला आलेले आहेत. कुठलाही काटा हातात घेतला की आधी शून्यावर आहे का बघा म्हणतात, म्हणून सगळे त्यांना शून्यकाका म्हणतात आणि तेही हाकेला ओ देतात. जेवणाच्या सुट्टीत चाचणीची खोली रिकामी असते. तिनं धनुष्य जोडलं, छताच्या कडीला टांगलेल्या मोठ्या ताणकाट्याच्या हुकात दोरी अडकवली आणि मूठ धरून खाली ओढायला लागली, दोरी आणि मुठीतलं अंतर नेहमी नेम धरताना असतं तेवढं होईपर्यंत, खुणेच्या चिकटपट्टीपर्यंत. त्या अवस्थेत वर तबकडीकडे मान वळवता येत नव्हती. शून्यकाका डबा हातात घेऊनच आत आले होते. त्यांनी हे काय चाललंय असं विचारलं नाही. "आधी शून्य बघितलंस का?" म्हणाले. तिनं बघितलं होतं. मग त्यांनी चष्मा वर केला आणि वाचलं. चौतीस पाउंड. अजून ओढणार का, त्यांनी विचारलं. ती नाही म्हणाली. "मग चौतीसच," ते म्हणाले आणि लोणच्याची फोड तोंडात टाकली.

दादाचा आकडा एकोणचाळीस होता. दर हंगामाला एकोणचाळीस. पुढच्या वर्षी चाळीस ओलांडू, असं तो दर वर्षी म्हणायचा आणि त्या न आलेल्या पुढच्या वर्षाच्या हिशेबानं नळ्या निवडायचा. दुकानातला काटा खोटा असेल असं तिला क्षणभर वाटलं. खोटे काटे हा तिचा रोजचा धंदा. पण तो काटा तिनंच दोनदा तपासला होता, इथंच, याच खोलीत. तो बरोबर होता. संध्याकाळपर्यंत ती शिक्के मारत राहिली आणि बसमध्ये बसल्यावर, खिडकीच्या काचेत स्वतःचा खांदा दिसत असताना, तिला ते दिसलं. दादा मोजतो तेव्हा धनुष्य तो ओढतो. काट्याचा हूक दोरीत अडकवून, चार बोटांच्या मुठीत काट्याची कडी पकडून, उभा राहून, स्वतःच्या हनुवटीपर्यंत. आणि ती बाजूला उभी राहून तबकडी वाचते. सोळाव्या वर्षापासून वाचत आली आहे. दादा तिच्याहून वीतभर उंच आहे, त्याचे हात लांब आहेत. तो तिच्यापेक्षा दोन-अडीच इंच जास्त ओढतो, आणि शेवटच्या इंचांत ताण भराभर चढतो. काट्यानं कधी खोटं सांगितलं नव्हतं. त्यानं दादाचा ताण सांगितला होता. ती बाण मारत होती दादाच्या हाताच्या मापाचे.

हे एका वाक्यात सांगता येण्यासारखं होतं. दादा, तू तुझ्या हनुवटीपर्यंत ओढतोस, माझ्या ओढ. दुकानात कुणी गिऱ्हाईक असं करताना दिसलं असतं तर तिनंच हसत हसत सांगितलं असतं. निवड चाचणीला तीन आठवडे होते. तिची ही बहुतेक शेवटची चाचणी. यंदा संघात आली नाही तर पुढच्या वर्षी तिच्या निम्म्या वयाच्या मुली येतील, हे तिला आणि दादाला स्वतंत्रपणे माहीत होतं आणि दोघांनी ते एकमेकांना सांगितलेलं नव्हतं. दादा चाचणीसाठी नवे बारा बाण तयार करत होता. ती दुकानात गेली तेव्हा तो पिसं चिकटवत होता, एकेक पीस साच्यात धरून, बधिर बोटांनी कसं धरता येईल ते शोधून काढलेल्या त्याच्या खास पद्धतीनं. नळ्या सातशे आकड्याच्या. तिला लागतात साडेआठशेच्या आसपास. तिनं बाजूचं स्टूल ओढलं. काय झालं, कुठं दुखतंय का, त्यानं विचारलं. ती नाही म्हणाली. मग म्हणाली:

"दादा, हे मला जरा कडक नाहीत का?"

"आत्ता आहेत," दादा म्हणाला. त्यानं वर पाहिलं नाही. "पुढच्या हंगामात नसतील."

"चाचणी या हंगामात आहे."

"टोकात वजन भरलंय. बसतात की नाही मध्यावर?"

बसतात, ती म्हणाली. बसतातच. तिला मनगटाबद्दल बोलायचं होतं, टक् या आवाजाबद्दल, ती दंतवैद्य बाईंचे बाण मारून आली त्याबद्दल. तेवढ्यात दादा हसला आणि म्हणाला की चाचणी जवळ आली की तुला दरवेळी बाणात खोट दिसते, मागे एकदा तर हातमोज्यात दिसली होती. ते खरं होतं. मग ती म्हणाली, मी चाळीसच्या जवळपास ओढत असेन असं मला वाटत नाही. "वाटतंय ना तुला?" दादा उठला. "वाटण्यावर कशाला जायचं. मोजून टाकू."

त्यानं तिचं धनुष्य घेतलं, काटा अडकवला, पाय फाकवून उभा राहिला. ती तबकडीपाशी गेली. आता बोलायचं, तिनं ठरवलं. ओढायच्या आधी फक्त एवढंच म्हणायचं, की इतकं नाही. दादानं श्वास घेतला आणि ओढायला सुरुवात केली. तिनं त्याला असं अनेकदा पाहिलं होतं, पण त्या वेळी तिचं लक्ष नेहमी आकड्यावर असायचं. या वेळी तिनं त्याच्याकडे पाहिलं. खांदे खाली उतरले. मान लांब झाली. पोट आत गेलं, आणि दुकानदाराच्या शरीरातून दुसरं कुणीतरी वर येऊन उभं राहिलं, जे तिला फक्त लहानपणच्या मैदानातून आठवत होतं, लांबून, कुंपणाच्या जाळीतून. कडी हनुवटीला लागली तेव्हा त्याचे डोळे भिंतीवरच्या नळ्यांच्या पलीकडे, कुठल्यातरी सत्तर मीटरवरच्या बिंदूवर लागले होते. तो तिथं थांबला. आकडा वाचायला लागतो त्यापेक्षा जास्त वेळ थांबला. तिला कळलं की तो दरवेळी असाच थांबत असणार. धनुष्य ओढायला आता त्याला दुसरं निमित्त नाही. दुकानातली बाकीची धनुष्यं लोकांची असतात, ती लोक स्वतः ओढतात. बहिणीचं धनुष्य तेवढं वर्षातून एक-दोनदा मोजावं लागतं. "किती?" त्यानं ओठ न हलवता विचारलं. "एकोणचाळीस," ती म्हणाली. तो हळूहळू सैल झाला, धनुष्य तिच्या हातात दिलं आणि पुन्हा साच्यापाशी बसला. बघ, म्हणाला. आणि थोड्या वेळानं, कपाळावर घाम दिसत असताना, चहा सांग म्हणाला.

त्यानंतर तिला तो टक् ऐकू येणं थांबवता आलं नाही. रोज मैदानावर ती नवे बाण मारायची आणि प्रत्येक बाणाबरोबर कुणी दारावर एकदाच वाजवून निघून जावं तसं व्हायचं. गुण नेहमीसारखे येत होते. एक दिवस तिनं मनगट न वळवता मारून पाहिलं. त्यासाठी आधी मनगटाचा विचार करावा लागला, आणि विचार करायला लागली तर ते कुणा दुसऱ्याचं असल्यासारखं जड झालं. वळलं नाही तेव्हा बाण डावीकडे काळ्यात गेला. वळलं की मध्यावर. दंतवैद्य बाईंचा एक बाण मागून घेतला. वळवलं की निळ्यात, न वळवता मारला तर, एकदाच, पिवळ्याच्या कडेला. एकदाच. दुसऱ्यांदा तिच्या हातानं जुनी सवय पुढे केली. हिशेब तिला स्पष्ट दिसत होता, कचेरीतल्या एखाद्या काट्यासारखा. चुकीच्या बाणांनी तिची निवड होऊ शकत होती. बरोबर बाणांनी, या तीन आठवड्यांत, होऊ शकत नव्हती. हात सुटा व्हायला वर्ष लागेल, कदाचित दोन. आणि निवड झाली तर आणखी वर्षभर हेच बाण, कदाचित एक आकडा आणखी कडक, आणि दादा मागे दुर्बीण घेऊन. कुठूनही पाहिलं तरी ती मध्यभागी होती आणि हलायला जागा नव्हती. जेवताना वहिनी म्हणाली की तुम्ही दोघं भाऊ-बहीण घास पण श्वास रोखून घेता, भांड्यांनाच भीती वाटते. दादा हसला. तीही हसली. वहिनीनं तिच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं आणि मग ताटात भात वाढला, नको म्हटलेलं असताना.

शनिवारी ती शहराच्या दुसऱ्या टोकाच्या दुकानात गेली. कचेरीत काम आहे असं घरी सांगितलं. हे दुकान मोठं होतं, स्केट्स, रॅकेट्स, पोहण्याचे चष्मे, आणि मागच्या कोपऱ्यात धनुष्यबाण. तिथला माणूस जाडसर, बोलका, रेडिओवर लागलेल्या गाण्याला पायानं ठेका देत एका धनुष्याला दोरी ओवत होता. ताई, बोला, म्हणाला. बाण हवेत, ती म्हणाली. कुणासाठी, त्यानं विचारलं. हा प्रश्न दुकानदार विचारतातच; ती स्वतः शेकडो वेळा विचारत आली होती. तिनं तोंड उघडलं आणि चौतीस या आकड्याची, तेहतिसाव्या वर्षी, या अनोळखी माणसासमोर तिला लाज वाटली. सतरा वर्षं खेळते आणि चौतीस ओढते. "एका मुलीसाठी," ती म्हणाली. "शिकते आहे."

केवढी आहे, त्यानं विचारलं. सोळा. किती ओढते? चौतीस. तो आकडा अखेर तिच्या तोंडून मोठ्यानं बाहेर पडला, आणि काही झालं नाही. काटा तिच्या स्वतःच्या हनुवटीपर्यंत ओढून मोजलाय ना, त्यानं विचारलं. बरेच जण भलत्याच्या हातानं मोजून आणतात. तिच्याच, ती म्हणाली. त्यानं भिंतीवरून साडेआठशेची एक नळी काढली, हातात तोलली आणि परत ठेवली. मग शेजारची, साडेसातशेची काढली. एक पायरी कडक देतो, म्हणाला. सोळा म्हणजे अंग भरायचंय अजून, सहा महिन्यांत चाळीसला जाईल, मग हे बाण फुकट. सगळे आई-बाप हेच नेतात. त्याच्या बोलण्यात काही खोट नव्हती. तिनं दादाच्या दुकानात हेच, असंच, प्रेमानं सांगितलं होतं, किती मुलींच्या आयांना.

"नको," ती म्हणाली. "ती आता वाढणार नाही."

"असं कसं, ताई. सोळा म्हणजे..."

"वाढणार नाही ती. आहे तेवढीच राहील."

त्याचा पाय थांबला. त्यानं तिच्याकडे पाहिलं, मग नळीकडे, आणि हात मागे नेऊन रेडिओ बंद केला. माफ करा, म्हणाला. त्याच्या मनात काय आलं ते तिला दिसत होतं. एखादं आजारपण, हॉस्पिटलमधली एखादी खोली, एक मुलगी जिला आई-बाप जमेल तेवढं खेळू देतायत. तिला ते दुरुस्त करता आलं असतं. केलं नाही. कुणीतरी तिच्यासाठी रेडिओ बंद केला होता, आणि ती काउंटरला हात टेकून उभी राहून ते स्वीकारत होती, घरात कुणी गेल्यावर भेटायला आलेल्या माणसानं नुसतं बसून राहावं आणि बरं वाटावं तसं. त्यानं साडेसातशेची नळी जागेवर ठेवली आणि साडेआठशेच्या बारा नळ्या मोजून काढल्या. आता तो कमी बोलत होता आणि जास्त नीट काम करत होता. टोकाचं वजन ठरवलं, नळी, टोक, पिसं एकत्र छोट्या काट्यावर ठेवली. हलका तर होणार नाही ना बाण, तिनं विचारलं, फार हलका असला तर धनुष्य फुटतं म्हणतात. फुटतं ना, तो म्हणाला, जबर धनुष्यावर. चौतीसला हे वजन भरपूर आहे. तिच्या हाताला काही होणार नाही, मी सांगतो ना. ती मान हलवत राहिली. हे कुणी इतक्या हळू आवाजात तिला कधी सांगितलं नव्हतं.

लांबी मोजायला मुलीला आणता येईल का, त्यानं विचारलं आणि लगेच ओशाळला. तिचा हात माझ्याएवढाच आहे, ती म्हणाली. त्यानं खुणा केलेला लांब बाण आणि एक अगदी सैल धनुष्य दिलं. तिनं ओढलं, हनुवटीपर्यंत, स्वतःच्या. तो खुणेपाशी बोट लावायला जवळ आला आणि त्याची नजर तिच्या दोरीवरच्या बोटांवर थांबली, तीन बोटांच्या पेरांवर आडवी गेलेली, वर्षानुवर्षांची पिवळट, कडक रेघ. त्यानं खूण पाहिली. पुन्हा बोटं पाहिली. बरं, म्हणाला. 

कापायच्या यंत्रापाशी त्यानं चष्मा लावला. आधी दोनच कापतो, म्हणाला, मारून बघू द्या, मग बाकीचे. एकदा तोकडी झाली की नळी मला लांब करून देता येत नाही, परतही घेता येत नाही. रीत तीच होती, तिला माहीत होती. पण दोन बाण पिशवीच्या तळाशी लपवता येतात. दोन बाण दादाच्या बारा बाणांशेजारी ठेवून, कधीतरी, कुणी नसताना मारून पाहता येतात, आणि मग इकडे यायला वेळ होत नाही. बारा लपत नाहीत. बारा बाण घेऊन घरी जायचं म्हणजे दादानं विचारायचं, कुणासाठी. आणि मग तिनं त्याला सांगायचं, कुणाच्या हनुवटीपर्यंत. आणि चाचणीच्या दिवशी मैदानावर हे बाण उजवीकडे, निळ्यात, एकामागून एक जाताना त्यानं दुर्बिणीतून पाहायचं.  हे टाळायची एक वाट अजून उघडी होती आणि तो माणूस ती अदबीनं समोर धरून उभा होता.

"सगळे कापा," ती म्हणाली.

त्यानं पहिली नळी यंत्रात धरली. मग यंत्र सुरू झालं, काळी भुकटी उडाली, आणि एकेक नळी तिच्या मापाची होऊन बाजूच्या फडक्यावर पडायला लागली. ती प्रत्येकीकडे पाहत होती. शेवटची झाल्यावर त्यानं सगळ्या ओल्या कापडानं पुसल्या, टोकं बसवली, पिसं उद्या मिळतील म्हणाला, मग आज देतो, बसा, म्हणाला. पुढे सामन्यात मारायचे असले तर नियमानं प्रत्येक बाणावर नाव लागतं, घालू का, त्यानं विचारलं. हे मारायचे आहेत का सामन्यात?

हो, ती म्हणाली. याच महिन्यात.

त्यानं बारीक टोकाचं पेन उघडलं आणि पहिली नळी दिव्याखाली धरली. "काय नाव मुलीचं?"

तिनं आपलं नाव सांगितलं.